अकरा मीटर ऐंशी

१

खामगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. तिथं लोखंडी पाइप बनतात. आठ इंच रुंद तोंडाचे, अकरा मीटर ऐंशी सेंटीमीटर लांब. ही लांबी कुणी हौसेनं ठरवलेली नाही. जहाजावर चढणारा मोठा कंटेनर आतून बारा मीटरला जेमतेम तीन बोटं जास्त असतो. माल आत-बाहेर करायला थोडी जागा सोडली की उरतं ते अकरा ऐंशी. पाइप त्याहून फार लांब निघाला तर कंटेनरचं दार लागत नाही, आणि आखूड निघाला तर पलीकडचा माणूस परत पाठवतो. म्हणून आमच्याकडे लांबीला फार मान आहे.

मी मंजुश्री. पिंपळगाव राजाहून सकाळच्या एसटीनं येते. नऊ वर्षं झाली. पाइपला रंग मारून तो वाळला की शेवटचा हात माझा. टेपनं लांबी मोजायची, आतून बघायचं, आतली धूळ पुसायची, दोन्ही तोंडांवर प्लास्टिकची झाकणं बसवायची आणि तपासणीच्या कागदावर सही करायची. माझ्या सहीशिवाय पाइप कंटेनरमध्ये चढत नाही. हे मला आवडतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसले की मनात येतं, माझ्या हातून गेलेला पाइप कुठल्या कुठं समुद्रापलीकडे उभा असेल, आणि मी अजून समुद्रही पाहिलेला नाही.

आतून बघायचं काम एकटीचं नाही. एका तोंडाशी मी डोळा लावून बसते, दुसऱ्या तोंडाशी सोजराबाई बॅटरी धरते. सोजराबाई अठ्ठावन्न वर्षांची. नवऱ्यामागं एकटी राहते आणि मजेत राहते. शेडमध्ये दिवसभर ग्राइंडरचा असा आवाज असतो की शेजारच्या माणसाला हातवारे करून सांगावं लागतं. पण पाइपच्या तोंडाशी कान नेला की सोजराबाई उशीला उशी लावून बोलल्यासारखी ऐकू येते. नऊ वर्षं आम्ही असंच बोलत आलोय. तिच्या बहिणीच्या सुनेचं बाळंतपण मी पाइपातून ऐकलं. माझ्या नवऱ्यानं, गोपालनं, नवी शिलाई मशीन घेतली ते तिनं पाइपातून ऐकलं.

"मंजू, डब्यात काय आणलं आज?"

"झुणका."

"मले ठेवजो थोडा."

एवढं बोलणं होईस्तोवर पाइप तपासून झालेला असतो.

२

मार्चची गोष्ट. रमजान चालू होता, ऊन तापायला लागलं होतं. समुद्रापलीकडच्या मोंबासा बंदराला बासष्ट पाइप जायचे होते, मासळी बाजाराच्या शेडचे खांब म्हणून. गुरुवारी कंटेनर येणार होता. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही एक्केचाळिसाव्या पाइपाला लागलो.

मी डोळा लावायच्या आधी सवयीनं बोलले, "काकू, गुडघा कसा हाय आज?"

उत्तर नाही. मला वाटलं ऐकलं नसेल. परत विचारणार तेवढ्यात तिचा आवाज आला, "बरा हाय वं. रात्री तेल लावलं."

मी मान वर करून पाहिलं. सोजराबाई पाइपाच्या तोंडाशी नव्हतीच. बॅटरी खाली ठेवून ती माठाकडे निघाली होती, एक पाऊल पुढं गेली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

ती पाणी पिऊन परत आली. मी म्हटलं, "अजून बोला काही." यावेळी मान वर ठेवून तिच्याकडेच बघत राहिले. तिचे ओठ हलले. हलायचे थांबले. मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं. मग पाइपातून आवाज आला, "काय बोलू?"

मी हसले. तीही हसली. तिचं हसू मी आधी पाहिलं आणि नंतर ऐकलं.

"काऊन असं होऊन राह्यलं?" तिनं हातानंच विचारलं. मी खांदे उडवले. आपल्या कानातच काही झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आदल्या दिवशी मला सर्दी होती. मग मी तोंडाशी डोळा लावला.

बॅटरीचा उजेड बाराएक मीटरवरून रुपयाएवढा दिसतो. हे मला झोपेतही सांगता येईल. त्या पाइपात तो मोहरीएवढा होता.

३

मी टेप लावली. अकरा ऐंशी. दुसरी टेप मागवून लावली. अकरा ऐंशी.

बाजूचा बेचाळिसावा पाइप आम्ही पाहिला. त्यात उजेड रुपयाएवढा, आवाज तोंडातून निघाला की कानात. पुन्हा एक्केचाळिसाव्याकडे आलो. मोहरी. एक, दोन, आणि मग आवाज.

"बॅटरी उतरली असेल," सोजराबाई म्हणाली. ती आता माझ्याच बाजूला येऊन बसली होती.

"मग बेचाळीसमध्ये कशी चालली?"

पदराला हात पुसत ती उठली आणि आपल्या तोंडाशी जाऊन बसली. सोजराबाईचा हा स्वभाव. काम उरलंय तर ते आधी करायचं.

उरलं होतं ते पुसायचं काम. आमच्याकडे पंधरा मीटरची जाड तार आहे. तिच्या टोकाला चिंधीचा बोळा बांधायचा, तार आत ढकलत न्यायची, पलीकडे बोळा निघाला की सोजराबाई तो सोडून घेते आणि मी तार परत ओढते. बोळा मी नेहमी एका साध्या गाठीनं बांधते. आईनं गाईचं दावं बांधायला शिकवलेली तीच गाठ.

मी तार ढकलायला लागले. बारा मीटरवर मी तारेला लाल दोरा गुंडाळून ठेवलाय. लाल दोरा आत गेला. पलीकडे बोळा निघाला नाही. मी आणखी ढकलली. तार अडत नव्हती, उलट सहज जात होती, उतारावरून गेल्यासारखी. तेरा मीटर, चौदा. शेवटी तारेचा मागचा वाकवलेला कान तेवढा माझ्या मुठीत उरला.

सोजराबाईनं पलीकडून दोन्ही हात मोकळे करून दाखवले. काही आलं नव्हतं.

तार आत वेटोळं करून बसली असेल, असं मी म्हटलं. आठ इंचात पंधरा मीटर जाड तार वेटोळं करून बसेल का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मी ती हळूहळू परत ओढली. ती सरळ आली, कुठंही न वाकलेली.

शेवटी बोळा बाहेर आला. आत घातला तेव्हा तो तेलानं काळा होता. आता तो पांढरा होता. धुतलेला, पिळलेला, अजून ओलसर. तारेला तो माझ्या गाठीनं बांधलेला नव्हता. बारीक, नीटस, दुहेरी गाठ होती. अशी मला येत नाही.

४

खुर्शीदभाई आमचा क्रेनवाला. गॅस कटरही तोच चालवतो. मूळचा देऊळघाटचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी त्याला बोलावून बोळा दाखवला.

"कोनी गंमत केली असन," तो म्हणाला.

"कोनी, खुर्शीदभाई? दोन्ही तोंडांशी आम्ही दोघीच हावो."

तो वाकला आणि पाइपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्यानं डोळे चोळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले रोजा हाय. डोक्शात थोडी चक्कर हाय. माह्या पाहन्यावर जाऊ नका."

"पण दिसलं काय?"

"लांब हाय," एवढंच तो म्हणाला.

मग आम्ही नौमानसाहेबांना बोलावलं. हे माल पाठवण्याचे अधिकारी. वय अठ्ठावीस, इंजिनीयर, खामगावचेच. भला माणूस. आमचं ऐकताना हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. त्यांनी टेप लावली, क्रेनच्या काट्यावर वजन केलं. वजन बाकीच्या पाइपांएवढंच भरलं. मग पाइप परत घोडीवर, म्हणजे लोखंडी तिवईवर, ठेवून त्यांनी तोंडाशी बसून सोजराबाईला हाक मारायला सांगितलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले.

"दोन पॉइंट एक," ते म्हणाले. मग मोबाइलवरचा आकडा पुन्हा पाहिला.

"म्हणजे काय, साहेब?"

"आवाज एका सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो, मंजूताई. म्हणजे हिशोबानं हा पाइप सातशे मीटरच्या वर आहे." मग ते थोडे हसले. "ते शक्य नाही. आत कुठंतरी गंज किंवा पोकळी असेल, आवाज घुमत असेल. बाहेरून सगळं बरोबर आहे. लांबी बरोबर, वजन बरोबर. मी काय लिहू, कशासाठी नाकारला?"

"मले नाही पाठवावा वाटत."

"मग नका पाठवू. सही तुमची आहे. कापून भंगारात टाका, एक्केचाळीसच्या जागी मी उद्या दुसरा काढायला सांगतो." ते उठले, आणि जाता जाता परत वळून म्हणाले, "कापाच. ठेवू नका."

५

दुपारी जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच खुर्शीदभाईनं कटर आणला. पाइप घोडीवरच होता. सोजराबाई तिच्या तोंडाशी गेली होती. मी तिला हटायला खुणावलं, तर ती हटेना. कान लावून बसली होती. गुडघा दुखतोय म्हणणारी बाई उकिडवी बसली होती आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी तिला हळू आवाजात घरची गोष्ट सांगतंय.

खुर्शीदभाईनं कटर पेटवला. निळी ज्योत बारीक केली आणि पाइपाच्या बरोबर मध्यावर खडूनं रेघ मारली.

"थांबा जी," सोजराबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. उठून आली आणि रेघेवर हात ठेवला.

"काकू, हात काढा," मी म्हटलं.

"आतून थांबा म्हणून राह्यलं."

"कोन?"

"थांबा म्हणून राह्यलं," ती पुन्हा तेवढंच म्हणाली. "एकदाच नाही म्हटलं. घाई नको करू म्हणून राह्यलं."

मी पाइपाच्या तोंडाशी जाऊन कान लावला. ग्राइंडर जेवणाच्या सुट्टीत बंद होते. शेड शांत होतं, छताचा पत्रा उन्हानं तडतडत होता तेवढाच. पाइपात मला काही ऐकू आलं नाही. पण रिकाम्या पाइपात तोंडाशी जो एक हवेचा घूं असा आवाज असतो, तोही नव्हता. कुणीतरी बोलता बोलता थांबून आपलं ऐकतंय, तेव्हा जशी शांतता असते तशी ती होती.

खुर्शीदभाईनं कटर बंद केला. "मी नाही कापत," तो म्हणाला. "ताई, तुमी साहेबाले सांगा गॅस संपला म्हणून. मी रोज्यात खोटं नाही बोलत, म्हणून तुमी सांगा."

आता ते माझ्यावर येऊन पडलं. कापायचा नाही. ठेवायचाही नाही, कारण ठेवला तर उद्या दुसरा कुणी कापेल. भंगाराच्या ढिगात काही जास्त दिवस राहत नाही. आणि पाठवायचा, तर तिकडे मोंबासाला कुणी तरी असंच पाइपाच्या तोंडाशी बसेल, त्याला कुणी काही सांगितलेलं नसेल.

त्या संध्याकाळी मी गोपालला काही सांगितलं नाही. त्यानं भेंडी केली होती. जेवण छान झालं. झोपही लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला भीती वाटत होती, पण आपल्याला काही होईल अशी ती नव्हती. दारात पाहुणा उभा आहे आणि आपण कडी काढत नाही, अशी काहीतरी ती भीती होती.

बुधवारी सकाळी मी तपासणीच्या कागदावर सही केली. पाइप क्रमांक एक्केचाळीस, लांबी अकरा ऐंशी, योग्य. नौमानसाहेबांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"कापला नाही?"

"गॅस संपला होता, साहेब."

त्यांनी कागद फाइलला लावला.

६

गुरुवारी दुपारी तीनला कंटेनर आला. पाइप बांधून आत सरकवायला दीड तास लागतो. एक्केचाळीस आम्ही शेवटी ठेवला होता. सोजराबाईनं आपल्या बाजूचं झाकण बसवलं, लाकडी हातोड्यानं तीन ठोके दिले आणि पुढच्या बांधाबांधीला निघून गेली. माझ्या बाजूचं राहिलं होतं.

पलीकडचं तोंड बंद झालं म्हणजे आत काळोख असायला हवा. मी झाकण हातात घेतलं आणि का कुणास ठाऊक, वाकून पाहिलं.

आत उजेड होता.

बॅटरीचा नव्हता. बॅटरी माझ्या पायाशी पडलेली होती. हा उजेड पिवळट होता आणि फार लांब होता, मोहरीहूनही लहान. मी डोळे मिटून उघडले. होताच. आणि तो हलत होता. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, परत डावीकडे. एका ठेक्यात. हातात कंदील धरून कुणी चालतं, तेव्हा कंदील असा झुलतो. आमच्या गावाबाहेर शेतातून माणूस येतो, तेव्हा बांधावरून असाच दिसतो. माणूस दिसत नाही. नुसता उजेड येत राहतो.

उजेड घाईत नव्हता. दर झोक्याला तो खाली एक क्षण झाकला जायचा, जसा पायघोळ कपड्याच्या काठाआड जातो, आणि पुन्हा दिसायचा. मी किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की मी पाहायला लागले तेव्हा तो मोहरीहून लहान होता आणि उठले तेव्हा मोहरीएवढा झाला होता.

खुर्शीदभाईनं क्रेनचा हॉर्न वाजवला. कंटेनरवाला दार धरून उभा होता.

मी तोंड पाइपाशी नेलं. पाहुण्याला म्हणतात तेच माझ्या तोंडून आलं. "सावकाश या," मी म्हटलं.

उत्तर यायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ नव्हता. मी झाकण लावलं. हातोडा उचलला आणि परत ठेवला. झाकण ठोकलं नाही. नुसतं अलगद बसवलं, आतून ढकललं तर निघेल असं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हे मी कुणालाच सांगितलं नाही, उजेडाचं तर नाहीच. सोजराबाईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलरचा ड्रायव्हर सकलैन याचा नौमानसाहेबांना फोन आला. तो दुसरबीडच्या पुढं चहाला थांबला होता. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"साहेब, माल भरला होता ना बरोबर?"

"का रे? सील तर आपल्यासमोर लागलं."

"नाही, आवाजच नाही ना जी. पाइपाची गाडी म्हणजे खड्ड्यात खणखण वाजते, डोकं उठते. हे गाडी काहीच बोलून नाही राह्यली. मांडीवर घेतल्यासारखं चाललं हाय सगळं."

"बरंय की मग," साहेब म्हणाले.

"बरंच हाय," सकलैन म्हणाला. "म्हनूनच फोन केला."

७

जहाज न्हावाशेव्याहून सुटलं ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मी रोजचं काम करत होते. नवे पाइप, नवी ऑर्डर, यावेळी दुबईची. उजेड रुपयाएवढे, आवाज वेळेवर. खुर्शीदभाईनं ईदचा शिरखुर्मा आणला, आम्ही तिघांनी शेडमागच्या लिंबाखाली बसून खाल्ला. एक्केचाळीसचं नाव कुणी काढलं नाही.

मेच्या सुरुवातीला मोंबासाहून मेल आला. नौमानसाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. तक्रार असेल, असंच मला वाटलं. साहेबांनी मेल वाचून मराठीत सांगितला.

बासष्ट पाइप मिळाले. सगळे बरोबर. एका पाइपाचं एका बाजूचं झाकण निघून कंटेनरमध्ये पडलेलं होतं, पण नुकसान नाही. पाइप आतून तपासले, सर्व साफ. ते कापून खांब उभे करण्याचं काम सुरू आहे.

"एक्केचाळीससुद्धा कापला?" मी विचारलं.

"सगळेच कापलेत. काही म्हटलेलं नाही." साहेब पुढं वाचत होते. वाचता वाचता त्यांचा आवाज मंद झाला. "शेवटी त्यांनी आभार मानलेत. म्हणतात, इतकी वर्षं माल मागवतो, पण कंटेनर इतका स्वच्छ कधी आला नव्हता. आतली जमीन झाडलेली होती. भुसा, गंजाची पूड, काही नाही. बांधायच्या दोऱ्या सोडून त्यांच्या गुंडाळ्या करून कोपऱ्यात रचलेल्या होत्या. दार उघडलं तेव्हा सील शाबूत होतं. म्हणतात, तुमच्या माणसांना आमचा सलाम सांगा."

साहेबांनी चष्मा काढला. "आपण दोऱ्या सोडून पाठवतो का, मंजूताई?"

"नाही साहेब. दोऱ्या सोडल्या तर माल हालन."

त्यांनी मेल पुन्हा एकदा वरपासून वाचला आणि बंद केला.

आम्ही बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. सोजराबाईनं पदर डोक्यावर घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर मी एक समाधान पाहिलं. लेक सासरी सुखरूप पोचल्याचा निरोप आला, की बायांच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"पोचली बापा एकदाची," ती म्हणाली.

ऑर्डर पोचली म्हणत असेल, असं मी मनात धरलं. ऑर्डर पोचली, असंच आम्ही म्हणतो. मी तिच्याबरोबर माठापर्यंत चालत गेले. तिनं तांब्या भरला, पाणी प्यायली, आणि तोंड पुसत, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली,

"लय चालली बिचारी."